सांत आंतोनच्या नावावरचा बर्फ

पियेदाद बाय सकाळी सातला बिल घेऊन आली
आणि बर्फ कारखान्याच्या टेबलावर
बिलावर किल्ल्यांचा जुडगा आपटून उभी राहिली.
तीन महिन्यांत 'सांत आंतोन'ला दोन हजार तीनशे अठरा लाद्या.
'सांत आंतोन' दोन वर्षे माडांखाली
ओंडक्यांवर चढवलेली,
तिच्या नाळेत कोंबडी अंडी घालते.
"कोंबयेक बर्फ कित्याक रे, कायतान?"

कायतानने माऊसकडे बोट दाखवले.

मला मडगावहून बोलावले,
बसभाडे आणि तासाचे अडीचशे.
मॅक्रो माझाच होता, दोन पावसाळ्यांमागचा.
कुटबणला हे कुणाच्या लक्षात नव्हते,
आणि पहिला अर्धा तास
मीही काढून दिले नाही.

आधी माऊस उलटा केला.
पोटात मिठाची पूड, बांगड्याचा एक खवला.
पुसला. मग दुसरा आणून लावला.
दुसराही तसाच वागला,
तेव्हा मान खाली घालून मी माझ्या ओळी उघडल्या.

बाहेर 'स्टेला मारिस' लागली होती.
घसरणीवरून लादी सुटली, कायतानने टिचकी मारली: एक.
दुसरी सुटली, टिचकी: एक.
तिसरी. एक.
"हो आयकना," तो म्हणाला,
आणि टिचकी मारून 'सांत आंतोन'च्या ओळीत गेला,
तिथून परत 'स्टेला मारिस'वर आला.
दोन.
"मात्शें भोंवून आयलें काय घेता."
"पण तिथेच का जाता?"
"खंय तरी वचपाक जाय न्ही?
ती बोट खंयच वचना."

मी लिहिले होते:
चौकटीवर कुणी आले, की एक वाढव.
लिहायला हवे होते: टिचकी मारली, की.
आणि जो आधीच तिथे उभा आहे
तो तिथे येणार कसा?
त्याला आधी निघावे लागते.
कायतान निघत होता,
दर लादीमागे एकदा,
आणि जिथे जाई तिथेही माझा मॅक्रो
इमानाने एक लादी उतरवून घेई,
हरवलेले सापडवून देणाऱ्या संताच्या पदरात
कधी नव्हतेच ते टाकत.

म्हणून नवी युक्ती:
मोजून झाले की निवड आपणच उचलून
कोपऱ्यातल्या रिकाम्या चौकटीत नेऊन ठेवायची.
पण नेणे म्हणजेही येणे,
पत्रक लगेच दचकून जागे होई.
तेव्हा त्या क्षणापुरते त्याला म्हटले, डोळे मीट.
उघड म्हणायचे मी विसरलो.
कायतानने टिचकी मारली, काही नाही.
सगळ्या बोटींवर मारली, काही नाही.
"मेलो," तो शांतपणे म्हणाला,
आणि कानामागचा खडू काढून
भिंतीवर रेघा ओढू लागला.
(भिंतीवर रेघा आधीपासूनच होत्या,
तीनही महिन्यांच्या, पाच-पाचच्या जुड्या,
एकही चुकलेली नाही.
मला कुणी सांगितले नव्हते, मीही विचारले नव्हते.)

दुपारी डोळे उघडले. एक. दोन. तीन.
बाणाच्या कळा दाबू नयेत
असे कागदावर लिहून पडद्याखाली चिकटवले,
कारण त्यावर अजून इलाज सुचला नव्हता.
बिलातून पहिला अर्धा तास वजा केला.

पियेदाद बाय बाकावर बसूनच होती.
दोन हजार तीनशे अठरा खोडले, शून्य घातले,
तिला दाखवले.
"ही ओळच काढून टाकू का?
बोट आता चालत नाही."
तिने किल्ल्या उचलल्या, पदराच्या टोकाने पडदा पुसला,
जिथे नाव होते तेवढाच.
"शून्य आसूं दी," ती म्हणाली,
"पूण नांव आसूं दी."

संध्याकाळी बस यायची होती.
मी दारातून बघत होतो:
लादी सुटते, कायतान टिचकी मारतो, आकडा वाढतो,
आणि तरी माऊस घसरत घसरत
त्या ओळीपाशी जातो,
बोट वरचेवर थांबते,
मग परत येतो.